आयपीसला डोळा लावण्याआधी
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

वेधशाळेतल्या जाहीर आकाशदर्शनाबद्दल आलेल्या पत्रांमध्ये एक तक्रार वारंवार दिसते: गेलो, रांगेत उभे राहिलो, डोळा लावला आणि फारसं काही दिसलं नाही. यात दोष दुर्बिणीचा क्वचितच असतो. चुकीची तारीख, अंधाराला न सरावलेला डोळा आणि आयपीसपाशी (दुर्बिणीच्या डोळा लावायच्या भिंगापाशी) उडणारी घाई यांमुळे चांगली रात्र हातची जाते. म्हणून या वेळी काही उत्तरं मुद्दाम सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : आम्ही घरची चौघं पहिल्यांदाच आकाशदर्शनाला जाणार आहोत. चंद्र पूर्ण दिसेल म्हणून पौर्णिमेची रात्र धरावी का?

उत्तर : पौर्णिमा टाळा. त्या रात्री सूर्यप्रकाश चंद्रावर अगदी समोरून पडतो, त्यामुळे डोंगरांना आणि विवरांना सावल्याच राहत नाहीत. दुर्बिणीत पांढरी, सपाट तबकडी दिसते आणि डोळा दिपतो. शिवाय त्या उजेडात अंधूक तारे आणि तेजोमेघ (वायू आणि धुळीचे चमकणारे ढग) बुडून जातात, म्हणजे दोन्हीकडून तोटा.

चंद्र पाहायचा तर शुद्ध पंचमी ते दशमी या रात्री उत्तम. उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेवर तेव्हा सूर्य नुकता उगवत असतो, सावल्या लांब पडतात आणि विवरांच्या कडा उठून दिसतात. षष्ठीच्या सुमारास थिओफिलस, सिरिलस आणि कॅथरिना ही एकमेकांना लागून असलेली तीन विवरं या रेषेजवळ येतात. नवमी-दशमीला ९३ किलोमीटर व्यासाचं कोपर्निकस उजेडात येतं. त्याच्या आतल्या भिंतींच्या पायऱ्या आणि मधली शिखरं मध्यम दुर्बिणीतही स्पष्ट दिसतात.

तेजोमेघ, तारकागुच्छ, दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह) पाहायच्या असतील तर वद्य षष्ठीनंतर शुद्ध तृतीयेपर्यंतची संध्याकाळ धरा. पौर्णिमेनंतर चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळे सुरुवातीचे काही तास अंधार मिळतो.

ग्रहांसाठी तिथीपेक्षा उंची महत्त्वाची. क्षितिजापासून ३० अंशांवर असलेल्या ग्रहाचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या तुलनेत दुप्पट हवेतून येतो, १५ अंशांवर जवळजवळ चौपट. म्हणून चौकशी करताना "गुरू दिसेल का?" एवढंच विचारू नका; किती वाजता सगळ्यात उंच असेल, तेही विचारा. चंद्र आणि ग्रहांसाठी पूर्ण अंधाराची वाट पाहावी लागत नाही. उलट संधिप्रकाशात शुक्र आणि गुरूचा भगभगीतपणा कमी होऊन तपशील सुखानं पाहता येतो. अंधूक गोष्टींसाठी मात्र सूर्य क्षितिजाखाली १८ अंश जाईपर्यंत थांबायला हवं.

प्रश्न : फोटोत मृग नक्षत्रातला तेजोमेघ गुलाबी-जांभळा असतो. वेधशाळेच्या मोठ्या दुर्बिणीतून तो धुरकट राखाडी दिसला. माझ्या डोळ्यांत काही दोष आहे का?

उत्तर : डोळे ठीक आहेत. हा प्रश्न इतक्या जणांना पडतो की आकाशदर्शनाच्या सुरुवातीलाच त्याचं उत्तर सांगायला हवं.

आपल्या दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या प्रकाशपेशी असतात. शंकुपेशी रंग ओळखतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडपेशी अगदी मंद उजेडातही काम करतात, पण त्यांना रंग कळत नाही. तेजोमेघाचा प्रकाश इतका विरळ असतो की काम जवळजवळ सगळं दंडपेशींवर येतं. कॅमेरा मिनिटं, कधी कधी तासन् तास प्रकाश साठवतो. डोळा सेकंदाच्या एका अंशापेक्षा जास्त काळ काही साठवत नाही. मोठ्या दुर्बिणीतून मृगातल्या तेजोमेघाच्या गाभ्याला किंचित हिरवट छटा दिसू शकते, तीही सगळ्यांना नाही. गुलाबी रंग मात्र कॅमेऱ्याचाच.

राखाडी दिसलं तरी पुष्कळ काही दिसू शकतं, पण त्यासाठी डोळा तयार हवा. उजेडातून अंधारात आल्यावर शंकुपेशी साधारण १० मिनिटांत सरावतात, दंडपेशींना २० ते ३० मिनिटं लागतात. त्यांच्यातलं ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य प्रकाशानं विघटित होतं आणि अंधारात हळूहळू पुन्हा तयार होतं. मोबाइलच्या पडद्याकडे एकदा नजर टाकली की ही सगळी मेहनत वाया जाते आणि मोजणी पुन्हा सुरू होते. गडद लाल प्रकाशाचा दंडपेशींवर फार थोडा परिणाम होतो, म्हणून वेधशाळेत लाल दिवे वापरतात. तरी तो लाल दिवाही मंदच हवा.

एक उपयोगी युक्ती आहे: दोन्ही डोळे स्वतंत्रपणे सरावतात. रांगेत असताना अचानक उजेड आला तर ज्या डोळ्यानं पाहणार तो लगेच तळहातानं झाका.

दुसरी युक्ती तिरप्या नजरेची. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यावर दंडपेशी नसतातच. त्या सर्वांत दाट असतात मध्यापासून १५ ते २० अंशांवर. म्हणून अंधूक दीर्घिकेकडे रोखून पाहिलं की ती नाहीशी होते आणि शेजारी नजर वळवली की परत येते. उजव्या डोळ्यानं पाहत असाल तर दृश्याच्या थोडं उजवीकडे पाहा, डाव्यानं पाहत असाल तर डावीकडे. म्हणजे ती वस्तू नाकाच्या बाजूला राहील. उलट बाजूला पाहिलं तर प्रतिमा अंधबिंदूवर, म्हणजे प्रकाशपेशीच नसलेल्या जागेवर, पडण्याची शक्यता असते. तरीही काही दिसत नसेल तर मार्गदर्शकाला नळीवर बोटानं हलकं टकटक करायला सांगा. स्थिर अंधूक ठिपक्यापेक्षा हलणारा ठिपका डोळा लवकर पकडतो.

रंगच पाहायचे असतील तर तारे पाहा. मृगातले दोन तारे: काक्षी नारिंगी, राजन्य निळसर पांढरा. आणि हंस तारकासमूहातल्या आल्बिरिओ या जोडताऱ्यातला एक सोनेरी, दुसरा निळा. फोकस किंचित बिघडवला की ताऱ्याचा ठिपका पसरतो आणि रंग अधिक चांगला कळतो.

प्रश्न : अर्धा तास रांगेत उभं राहून डोळा लावला, तर नुसता काळोख आणि माझ्याच पापण्या दिसल्या. मागचे लोक खोळंबले म्हणून "दिसलं" म्हणून निघून आले.

उत्तर : असं खोटं "दिसलं" दर आकाशदर्शनात ऐकू येतं, आणि त्याचं फार वाईट वाटतं. पुढच्या वेळी न संकोचता "दिसत नाही" असं सांगा. दुर्बिणीपाशी उभा असलेला माणूस त्यासाठीच असतो.

आयपीसमधून बाहेर पडणारी प्रकाशाची शलाका फार बारीक असते. २०० मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून १०० पट विशालन घेतलं तर तिची जाडी फक्त २ मिलिमीटर. तुमच्या बुबुळाचं छिद्र नेमकं तिच्यावर, तेही ठरावीक अंतरावर यायला हवं. डोळा फार लांब असेल तर लहानशी खिडकी दिसते, फार जवळ गेला तर काळ्या सावल्या सरकताना दिसतात.

म्हणून डोळा एकदम टेकवू नका. तीन-चार सेंटीमीटरवरून आयपीसच्या मध्यभागी उजेडाचं वर्तुळ शोधा, ते मध्यावर ठेवत सावकाश जवळ या आणि वर्तुळ पूर्ण भरलं की थांबा. एक हात पाठीमागे धरा. नळीला धरलंत की दृश्य निसटतं. दुसरा डोळा गच्च मिटू नका, कारण त्यामुळे पाहणाऱ्या डोळ्यावरही ताण येतो. तो तळहातानं झाका.

मग फोकस. आधीच्या माणसाचा फोकस तुमच्या डोळ्याला जुळेलच असं नाही. परवानगी घेऊन फोकसचा नॉब हळू फिरवा. तारा लहान होत होत पुन्हा मोठा होऊ लागला की थोडं मागे या. सगळ्यात लहान ठिपका म्हणजे बरोबर फोकस.

जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस जुळवता येतो. सिलिंडर नंबर जास्त असेल तर मात्र चष्मा ठेवा, कारण तो दोष फोकसनं जात नाही. (विशालन खूप असेल तेव्हा सिलिंडरचा त्रास कमी जाणवतो.)

एवढं जमल्यावर जो वेळ मिळेल, त्यात काय शोधायचं ते आधीच ठरवून ठेवा. गुरू पहिल्या पाच-दहा सेकंदांत नुसता उजळ गोळा दिसतो. नजर टिकवली की दोन काळसर पट्टे उमटतात, मग एका ओळीत असलेले चंद्र मोजता येतात. चारही दिसलेच पाहिजेत असं नाही. एखादा गुरूच्या पुढे, मागे किंवा सावलीत असू शकतो. त्यांतला आयो पावणेदोन दिवसांत एक फेरी पूर्ण करतो, त्यामुळे दोन-तीन तासांनी पुन्हा पाहिलं तर त्याची जागा बदललेली दिसते.

प्रश्न : लहानपणी शनीची कडी रुंद दिसली होती. २०२५ मध्ये पाहिलं तर नुसती एक रेघ. दुर्बीण हलकी होती का?

उत्तर : नाही. २३ मार्च २०२५ रोजी पृथ्वी शनीच्या कड्यांच्या प्रतलातून गेली. कड्यांचा विस्तार सुमारे पावणेतीन लाख किलोमीटर असला तरी जाडी बहुतेक ठिकाणी काही दहा मीटरच आहे. कडेनं पाहिल्यावर ती दिसेनाशीच होतात. शनीची प्रदक्षिणा साडेएकोणतीस वर्षांची असते आणि तेवढ्या काळात असं दोनदा घडतं. आता कल हळूहळू वाढतो आहे. २०३२ च्या सुमारास कडी पुन्हा पूर्ण उघडलेली, जवळजवळ २७ अंश कललेली दिसतील.

प्रश्न : ही दुर्बीण "किती पट" मोठं दाखवते, असं विचारल्यावर वेधशाळेतल्या कार्यकर्त्यांनी सरळ आकडा सांगितला नाही. का?

उत्तर : कारण तो आयपीसनुसार बदलतो. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला (भिंगापासून किंवा आरशापासून प्रकाश एकवटतो तिथपर्यंतच्या अंतराला) आयपीसच्या नाभीय अंतरानं भागायचं. १२०० मिलिमीटरच्या दुर्बिणीला २५ मिलिमीटरचा आयपीस लावला की ४८ पट, १० मिलिमीटरचा लावला की १२० पट. विशालन दुप्पट केलं की तोच प्रकाश चौपट जागेत पसरतो, दृश्य अंधूक होतं, आणि हवेची थरथरही तितकीच मोठी होते. व्यासाच्या प्रत्येक मिलिमीटरमागे दोन पट ही वरची मर्यादा मानतात, पण बहुतेक रात्री हवा २०० ते २५० पटींच्या पुढे जाऊच देत नाही. देवयानी दीर्घिका आकाशात चंद्राच्या सहापट लांब पसरलेली आहे. तिच्यासाठी सगळ्यात कमी विशालन लागतं. विचारायचाच असेल तर दुर्बिणीचा व्यास विचारा. किती प्रकाश गोळा होतो ते त्यावर ठरतं.

प्रश्न : आमच्या शाळेच्या १२० मुलांना वेधशाळेच्या आवारात आकाशदर्शन घडवायचं आहे. चार दुर्बिणी मिळणार आहेत. नियोजन कसं करावं?

उत्तर : आधी वेळेचा हिशेब मांडा. पाहायला ४० सेकंद आणि माणूस बदलायला २० सेकंद, म्हणजे प्रत्येकी एक मिनिट. तीस-तीसचे चार गट केले तर प्रत्येक दुर्बिणीपाशी अर्धा तास आणि चारही पाहून व्हायला दोन तास. लहान मुलं इतका वेळ रांगेत टिकत नाहीत. म्हणून पाचवा थांबा नुसत्या डोळ्यांनी आकाश ओळखण्याचा करा, पाच गट पाडा आणि तिथं आलेल्या गटाला सतरंजीवर झोपवून तारकासमूह दाखवा. प्रत्येक गटात २४ मुलं येतील, पाळी २५ मिनिटांची होईल आणि एकूण वेळ दोन तास पाच मिनिटं. आमच्या मते मुलांच्या लक्षात सगळ्यात जास्त राहतो तो हाच पाचवा थांबा, कारण घरी गेल्यावर तेवढंच त्यांना पुन्हा करता येतं.

प्रत्येक दुर्बिणीला एकच वस्तू नेमून द्या. सतत वस्तू बदलत राहिलं की रांग अडते. चंद्र, एक ग्रह, एक जोडतारा आणि कृत्तिकांसारखा उघडा तारकागुच्छ हे चार पुरेत. लहान वर्गांना अंधूक दीर्घिका दाखवू नका. तिरप्या नजरेचा सराव नसताना त्यांच्या पदरी निराशाच येते.

तयारी उजेडी करा. शोधक दुर्बीण (नेम धरण्यासाठी नळीवर बसवलेली छोटी दुर्बीण) मुख्य दुर्बिणीशी जुळवायची ती निदान अर्धा-एक किलोमीटर लांबच्या स्थिर खुणेवर, आणि सूर्य त्या दिशेला मुळीच नसताना. आरशाची दुर्बीण असेल तर सूर्य मावळल्यावर झाकण काढून तासभर बाहेर ठेवा, म्हणजे आरसा हवेच्या तापमानाला येईल. आरशांची जुळणीही तेव्हाच तपासा. अंधारात, रांग उभी असताना पाना फिरवायला लागलात की कार्यक्रम तिथंच थांबतो. २५ ते ३२ मिलिमीटरचे आयपीस लावा; विस्तृत दृश्यात मुलांना वस्तू लवकर सापडते.

ज्या दुर्बिणींना पाठलाग करणारी मोटर नाही, त्यांच्यातून वस्तू सतत सरकत राहते. आकाश तासाला १५ अंश फिरतं, म्हणजे अर्ध्या अंशाचं दृश्यक्षेत्र दोन मिनिटांत ओलांडलं जातं. म्हणून प्रत्येक मुलामागे नाही तरी दर दुसऱ्या मुलामागे वस्तू पुन्हा आणावी लागेल. ती मध्यावर न आणता ज्या कडेनं आत शिरते तिथं ठेवा, म्हणजे पुढच्याला पूर्ण वेळ मिळतो.

आयपीसची उंची विसरू नका. दुर्बीण डोक्यावर रोखली की आरशाच्या लांब दुर्बिणीत आयपीस सव्वा मीटरच्या आसपास किंवा त्याहून वर जातो. हाताला धरायला दांडा असलेली दोन पायऱ्यांची घडवंची ठेवा. मुलाला उचलून दाखवू नका. ते तोल सावरायला आयपीसच धरतं. तिवईच्या पायांना पांढरी पट्टी चिकटवा, वायरी रांगेच्या वाटेतून काढा. गाड्यांचे दिवे दुर्बिणींकडे रोखले जाणार नाहीत अशी जागा ठरवा. बॅटरीवर लाल जिलेटिन कागदाचे थर चढवत जा, उजेड जेमतेम पायापुरता उरेपर्यंत.

तारे दाखवायची हिरवी लेझर एकाच जबाबदार माणसाच्या हाती द्या. ती ५ मिलिवॉटपेक्षा जास्त शक्तीची नको, तुमच्या भागातले नियम आधी पाहा, आणि विमान दिसत असेल तर ती बंदच. मुलांच्या हाती तर कधीच नाही.

आणखी एक गोष्ट. मुलांना "दिसलं का?" असं विचारू नका, सगळी "हो" म्हणतात. "काय दिसतंय?" असं विचारा. उत्तर "पांढरा उजेड" असं आलं तर फोकस गेला आहे. "काही तरी काळं सरकतंय" म्हणालं तर डोळा जागेवर नाही.

प्रश्न : आकाश अगदी स्वच्छ होतं, तरी गुरू उकळत्या पाण्याच्या तळाशी असल्यासारखा हलत होता.

उत्तर : हवेची पारदर्शकता आणि स्थिरता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाऊस किंवा जोराचा वारा होऊन गेल्यावर आकाश लख्ख होतं, पण वरची हवा खळबळलेली असते. अशा रात्री तारे फार लुकलुकतात. तेजोमेघ पाहा, ग्रह नको. किंचित धूसर, पण निवांत रात्री ग्रह अनेकदा अप्रतिम दिसतात. कारण जवळचंही असू शकतं: दिवसभर तापलेली गच्ची, घुमटात कोंडलेली ऊब, नळीखाली उभ्या माणसांच्या अंगाची उष्णता. घुमट तासभर आधी उघडणं हा त्यावरचा सोपा उपाय. पाहणाऱ्यानं विशालन कमी करायला सांगावं आणि नजर हलवू नये. मधूनच एखादा सेकंद हवा थांबते आणि पट्टे कोरल्यासारखे दिसतात.

प्रश्न : वेधशाळा दिवसा सूर्यही दाखवते. घरच्या छोट्या दुर्बिणीबरोबर आयपीसला लावायचं गडद भिंग मिळालं आहे. ते चालेल का?

उत्तर : नाही. ते भिंग आजच टाकून द्या. ते जिथं बसतं तिथं सूर्याची उष्णता एकवटलेली असते. ते तडकलं तर सगळा प्रकाश थेट डोळ्यात जातो. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे इजा झाल्याचं तेव्हा समजतही नाही.

गाळणी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावरच हवी, प्रकाशाचा साधारण एक लाखावा भाग आत सोडणारी आणि वाऱ्यानं उडणार नाही अशी पट्टीनं पक्की बसवलेली. प्रत्येक वापराआधी ती प्रखर दिव्यासमोर धरून बारीक छिद्रं आहेत का ते पाहा. एक दिसलं तरी वापरू नका. शोधक दुर्बीण काढून ठेवा किंवा झाका. सूर्य शोधताना नळीची जमिनीवरची सावली पाहा; ती सगळ्यात लहान झाली की दुर्बीण सूर्याकडे आहे. ग्रहणाचे चष्मे नुसत्या डोळ्यांसाठी असतात. ते घालून दुर्बिणीतून पाहणं तितकंच घातक.

साध्या गाळणीतून सूर्यडाग दिसतात. त्यांचा काळा गाभा आणि भोवतीची करडी झालर नीट पाहा. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळा पाहायच्या तर ६५६.३ नॅनोमीटरचा, हायड्रोजनचा लाल प्रकाश तेवढा निवडणारी खास दुर्बीण लागते. अनेक वेधशाळांकडे ती असते, आवर्जून विचारा.

प्रश्न : मोबाइलनं आयपीसमधून फोटो काढता येतो का?

उत्तर : चंद्राचा सहज येतो. फ्लॅश बंद, मुख्य कॅमेरा, कमी विशालनाचा आयपीस. चंद्रावर बोट टेकवून फोकस कायम करा आणि विवरं दिसेपर्यंत उजेड कमी करा. हातापेक्षा मोबाइल धरणारी पकड बरी. तीन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे स्पर्शाचा धक्का विरतो. ग्रहांचा व्हिडिओ घ्या आणि त्यातली स्थिर चित्रं निवडा. हे सगळं रांग संपल्यावर करा. पडद्याच्या उजेडानं मागच्यांचे सरावलेले डोळे बिघडतात.

प्रश्न : उल्कावर्षावासाठी वेधशाळेत जावं का? कोणती दुर्बीण चांगली?

उत्तर : कोणतीच नको. उल्का आकाशात कुठेही चमकते आणि दुर्बीण अंशभर आकाश दाखवते. वेधशाळा अंधाऱ्या जागी असेल तर जरूर जा, नाहीतर दुसरी अंधारी जागा शोधा. ययाती तारकासमूहातला वर्षाव १२-१३ ऑगस्टच्या सुमारास आणि मिथुनेतला १३-१४ डिसेंबरच्या सुमारास भरात असतो. त्या वर्षी चंद्र किती आहे ते आधी पाहा. ययातीतल्या उल्का मध्यरात्रीनंतर वाढतात, मिथुनेतल्या रात्री नऊ-दहापासूनच दिसू लागतात. पाठीवर झोपून, उगमबिंदूकडे (जिथून उल्का निघाल्यासारख्या वाटतात तिकडे) न पाहता त्याच्यापासून ४०-५० अंश बाजूला, उंच आकाशाकडे पाहा. तिथं उल्कांच्या रेषा लांब दिसतात. निदान तासभर द्या, कारण पहिली २० ते ३० मिनिटं डोळा सरावण्यातच जातात. वाटतं त्यापेक्षा एक जास्त पांघरूण बरोबर घ्या. न हलता झोपून राहिलं की अंग लवकर गार पडतं.